पूर्ण नाव

शनिवारी संध्याकाळी दूध घेऊन परत येत होते. पाऊस नुकताच उघडला होता, पारावरच्या पिंपळातून अजून थेंब गळत होते आणि फळ्यासमोर आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकू उभ्या होत्या. एका हातात मिटलेली छत्री, चष्मा कपाळावर सरकवलेला, मान वर. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून लांबचं लख्ख दिसतं, हे त्या भेटेल त्याला सांगतात आणि फळा दिसला की थांबून सगळा वाचतात. मी शेजारी जाऊन उभी राहिले. "हे कोण गेलंय गं?" त्यांनी विचारलं. मी सांगणार, तेवढ्यात त्यांनीच विषय बदलला. "बरं, ते राहू दे. आपले सायकलवाले कुठं गेलेत? तीन दिवस झाले, शटर खालीच. नातवाच्या चाकातली हवा सारखी जातेय, त्याला म्हटलं थांब, ते येतील."

फळ्यावर अक्षर माझं होतं. खडूही माझ्याच डब्यातला. काकू ज्यांची वाट बघत होत्या त्यांचंच नाव त्या वाचत होत्या.

मी सांगितलं. काकूंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा फळ्याकडे, जणू मधल्या मधे कुणी मजकूर बदललाय. मग चष्मा डोळ्यांवर घेतला. "अगं, मग तसं लिहायचं की!" म्हणाल्या, आणि छत्री टेकत निघून गेल्या. रागावल्या होत्या का, माहीत नाही. जिन्यात त्यांच्या घराचं दार लागल्याचा आवाज मात्र नेहमीपेक्षा मोठा आला.

झालं होतं असं. बुधवारी रात्री पावणेअकराला मंडळातल्या एका मुलाचा फोन आला. "काकू, लिहायचंय." आमच्या गल्लीत पाण्याचं लिहायचं असलं की 'पाण्याचं लिहायचंय' म्हणतात, मीटिंगचं असलं की 'मीटिंगचं'. नुसतं 'लिहायचंय' म्हटलं की पुढे विचारायचं नसतं. मी गाऊनवर ओढणी घेतली, खडूचा डबा घेतला, खाली उतरले. दुकानाच्या पायरीवर, पत्र्याखाली सातआठ जण दाटीनं उभे होते. सायकलवाले संध्याकाळी दुकानातच कोसळले होते, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. भाचा भोसरीहून निघाला होता. सकाळी अकराला वैकुंठ स्मशानभूमी. हे सगळं सांगून झालं, मी खडू काढला आणि सवयीनं विचारलं, "पूर्ण नाव?"

कुणीच बोलेना.

एक जण म्हणाला, अण्णा म्हणायचे ना त्यांना? दुसरा म्हणाला, अण्णा नाही, मामा, मेसची पोरं मामा म्हणतात. एकानं छातीठोकपणे आडनाव सांगितलं, ते दुकानाच्या मूळ मालकाचं निघालं, जो कधीच गेला. किराणावाल्यानं सांगितलं की उधारीच्या वहीत तो 'सायकल' एवढंच लिहितो. इस्त्रीवाल्याला वाटत होतं किराणावाल्याला माहीत असेल. मला स्वतःला वाटत होतं की मला माहीत आहे. तोंड उघडेपर्यंत अगदी खात्री होती, आणि तोंड उघडलं तर आत नाव नव्हतं. चाळीस वर्षांहून जास्त काळ ओळखत होते मी त्यांना. त्यांची एका बाजूला झुकून चालायची ढब मला दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून ओळखू यायची. डाव्या अंगठ्याचं नख कायमचं काळं होतं, तेही माहीत होतं. चहा ते बशीतूनच घेत. नाव नाही.

मग कुणाला तरी सुचलं. दुकानाच्या गल्ल्यात, ट्यूबच्या पॅचच्या खोक्याखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत आधार कार्ड सापडलं. मोबाईलच्या उजेडात आम्ही आठ जणांनी ते वाचलं. तीन शब्दांचं नाव, जन्मतारखेवरून वय बहात्तर, मागच्या बाजूला वेल्ह्याकडच्या एका गावाचा पत्ता. ते नाव इथे लिहीत नाही. फळ्यावर लिहिलं तेवढं पुरे.

ओल्या हवेत फळ्यावर खडू नीट उमटत नाही. आधी कोरड्या फडक्यानं जोर लावून पुसावा लागतो, तरी अक्षराच्या कडा फुटतात. एक मुलगा टॉर्च धरून उभा होता. मी हळूहळू, एकेक अक्षर कार्डाकडे बघून उतरवलं. आडनावातला 'ळ' दोनदा तपासला. वय, वेळ, ठिकाण. मागे सरकून पाहिलं, शिरोरेघ सरळ होती. खरं सांगते, त्या क्षणी मला बरं वाटलं होतं. कुणालाच माहीत नसलेलं नाव आपण शोधून, चूक न करता लिहिलं, असं काहीतरी. त्याच बऱ्या वाटण्याची नंतर लाज वाटली.

फळा माझ्याकडे आप्पांकडून, माझ्या वडिलांकडून, आला. आप्पा कंपोझिटर होते. शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात तीसएक वर्षं त्यांनी खिळे जुळवले. उलटी अक्षरं ते सुलट्यापेक्षा भराभर वाचत. बोटांच्या टोकांना शिशाचा करडेपणा होता, तो निवृत्तीनंतरही दोनतीन वर्षं गेला नाही. घरी येऊन जेवले की खडूचा डबा घेऊन पारावर जात. कुणी नेमलं नव्हतं, पैसे मिळत नव्हते, मंडळाशी तर त्यांचं वर्षातून एकदा, लाऊडस्पीकरवरून, भांडणच होई. पण फळा त्यांचा. गुरुवारी पाणी येणार नाही. अमक्या वाड्यातला मुलगा दहावीला बोर्डात आला. चाव्यांचा जुडगा सापडला आहे, खूण पटवून न्यावा. पावसाळ्यात खडकवासल्यातून किती क्युसेक सोडलं आणि भिडे पूल पाण्याखाली गेला की नाही. बाहेरच्यांना पुण्यात फळा म्हटलं की खोचक पाटी हवी असते. आप्पांच्या फळ्यावर खोचक काही नसे. ते म्हणत, टोमणा मारायला जागा लागते आणि आपला फळा तीन बाय चारचा आहे.

निधनाच्या मजकुराचे त्यांचे नियम कडक होते. 'दुःखद' लिहायचं नाही. 'आमचे येथे' लिहायचं नाही, कारण फळा कुणाच्या घरचा नाही. नाव पूर्ण, वडिलांचं किंवा नवऱ्याचं धरून. टोपणनाव, हुद्दा, बिरुद काही नाही. एकदा एका बाईंच्या आडनावात 'ळ' च्या जागी 'ल' पडला, कारण सांगणाऱ्याचाच उच्चार तसा होता. त्यांचा मुलगा रात्री दीडला आमचं दार वाजवायला आला. रडत होता, आणि रडता रडता 'ल' नाही, 'ळ', असं सांगत होता. आप्पांनी त्याला पाणी दिलं, सदरा चढवला आणि त्याच्याबरोबर जाऊन सगळी ओळ पुसून पुन्हा लिहिली. एक अक्षर दुरुस्त करून भागलं असतं. आप्पा म्हणाले, ठिगळ दिसतं.

या पूर्ण नावाच्या हट्टामागे पानशेत होतं. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं तेव्हा आप्पा पंधरा वर्षांचे होते आणि आमचं बिऱ्हाड नारायण पेठेत, नदीच्या बाजूला. पाणी चढायला लागलं तसे सगळे हातात येईल ते घेऊन बाहेर पडले. पाणी ओसरल्यावर आजोबा एकटे परत येऊन वाडा बघून गेले. जो भाग उभा होता त्याच्या भिंतीवर, चिखलाच्या रेघेच्या वर, त्यांनी कोळशानं लिहून ठेवलं: सगळे सुखरूप, शुक्रवारात आत्याकडे. बस्स. त्यांना वाटलं, ज्याला कळायला हवं त्याला कळेल. आप्पांचे मोठे मामा मुंबईहून धावत आले, त्यांनी ती भिंत वाचली आणि दोन दिवस शुक्रवार पेठेत वणवण केली. कारण त्या वाड्यात सात बिऱ्हाडं, 'सगळे' म्हणजे कोण, आणि आत्या म्हणाल तर तिघांच्या आत्या मंडईच्या आसपास राहत होत्या. मामा भेटले तेव्हा आजोबांच्या गळ्यात पडायच्या ऐवजी त्यांच्यावर ओरडले. आप्पा ही गोष्ट दर जुलैत सांगत. आजोबांवरचा राग त्यांच्या सुरात साठ वर्षं जुना होऊनही ताजा असे. "लिहिणाऱ्याला सगळं ठाऊक असतं," ते म्हणत, "म्हणूनच तो अर्धं लिहितो."

मी अर्धं लिहिलं नव्हतं. तरी काकूंना कळलं नाही.

सायकलवाले आधी नुसते दुकानातले पोरगे होते. दुकान दुसऱ्याचं, तासावर सायकली देण्याचं. पेरूगेटकडून येताना रस्त्याच्या उतारावर दहाबारा सायकली ओळीनं टेकवलेल्या असत, मडगार्डवर पांढऱ्या रंगात नंबर. मी सहावीत असताना मे महिन्याच्या सुट्टीत आठ आण्याला तास होता. मुलींची एकच सायकल, तिचा नंबर सात, आणि ती कायम बाहेर गेलेली. म्हणून आम्ही मोठ्या सायकलच्या नळीखालून पाय घालून, एका बाजूला लोंबकळत, भिंतींना खांदे घासत शिकलो. दुकानात एक लांबट वही असे. त्यात नाव, वाडा, सायकलचा नंबर, घेतल्याची वेळ. वही तेच भरत, आणि त्यांचा प्रश्न ठरलेला होता. "पूर्ण नाव सांग. वडलांचं धरून." आम्ही घाबरून सांगायचो, कारण वडिलांचं नाव दिलं म्हणजे खरचटलेलं घरी कळणार. माझ्या एका मैत्रिणीनं आमच्या गणिताच्या बाईंचं नाव दिलं होतं. त्यांनी ते मुकाट्यानं लिहून घेतलं आणि तासाभरानं ती परतल्यावर "आल्या का बाई?" असं गंभीरपणे विचारलं.

म्हणजे त्यांच्याकडे आमची सगळ्यांची नावं होती. अख्ख्या गल्लीची, वडिलांसकट, तारीखवार. त्यांचं नाव विचारायची पाळी आमच्यावर कधी आलीच नाही. आम्ही त्यांना काही भाड्यानं देत नव्हतो.

पुढे लुना आल्या, मग स्कूटी, आणि तासावरच्या सायकली एकेक करून भंगारात गेल्या. मालक वारल्यावर त्यांच्या मुलांनी दुकान यांच्याच हवाली केलं, जागा भाड्याची आणि वाडा पडायला आलेला, म्हणून त्यात कुणाला रस नव्हता. वाडा अजून पडलेला नाही, शेजारचे तीन पडून त्यांच्या इमारती झाल्या. एकात आम्ही राहतो. तेवढंच एक दगडी जोतं उरलंय आणि त्याच्या कोपऱ्यात ते दुकान, जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढं. आत रबराचा, ग्रीसचा आणि सोल्युशनचा मिळून एक गोडसर वास. बाहेर पाण्याचं घमेलं. ट्यूब त्यात बुडवून ते हातभर हातभर फिरवत, बुडबुडे निघाले की तिथं काडी टोचून ठेवत आणि गिऱ्हाइकाकडे बघत, बघा, खोटं सांगत नाही, अशा नजरेनं. गेल्या दहापंधरा वर्षांत धंदा पुन्हा थोडा सावरला तो स्पर्धा परीक्षांच्या मुलांमुळे. आमच्या भागात प्रत्येक तिसऱ्या घरात कॉट बेसिसवर मुलं आणि प्रत्येक दुसऱ्या माळ्यावर अभ्यासिका. ही मुलं लातूर, बीड, नंदुरबारहून येतात, जुनी सायकल घेतात, दोनतीन वर्षांनी निकाल काहीही लागो, जाताना ती परत यांनाच विकतात. एकच सायकल त्यांनी पाच वेळा विकली असेल. प्रत्येक वेळी ओव्हरहॉलिंग करून, नवी घंटी लावून.

आप्पांची आणि त्यांची दोस्ती खडूवरून. चाकाचा आउट काढायचा असला की ते सायकल उलटी करून चाक फिरवत आणि खडूचा तुकडा रिमजवळ धरत. चाक जिथं लचकलेलं तिथंच खडू लागतो, पांढरी खूण उमटते, मग त्या खुणेजवळच्या तारा आवळायच्या. त्याला नवा, लांब खडू चालत नाही, बोटभर उरलेला लागतो. आप्पांच्या डब्यात असले तुकडे ढीगभर. दर आठपंधरा दिवसांनी ते पारावर येऊन हात पुढे करत, आप्पा चारपाच तुकडे त्यांच्या तळहातावर ठेवत, दोघंही काही बोलत नसत. आप्पा गेल्यावर डबा माझ्याकडे आला तसे ते तुकडेही. पहिल्यांदा ते आले तेव्हा पायरीखालीच उभे राहिले. "फळा तुमच्याकडं का आता?" एवढंच विचारलं. मी तुकडे दिले. आमचं बोलणं बहुतेक वेळा यापुढे गेलं नाही, आणि त्यात काही कमी आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

नावाचं म्हणाल तर या पेठांत देवांचीही तीच गत. पासोड्या विकणाऱ्यांच्या संगतीत राहिला म्हणून पासोड्या विठोबा, निवडुंगात सापडला म्हणून निवडुंग्या. मारुती तर जिलब्या, पत्र्या, डुल्या, आणखी काय काय. सगळी यादी तुम्हाला पाठ आहे, मी कशाला सांगू. मला नेहमी वाईट वाटतं ते खुन्या मुरलीधराचं. हातात बासरी, एका पायावर डौलात उभा, मारामारी केली ती दुसऱ्यांनीच आणि नाव चिकटलं याला. पण जाऊन कुणाला नुसता 'मुरलीधर कुठे' म्हणून विचारा, सदाशिव पेठेतला माणूस 'कोणता?' असंच विचारेल. 'खुन्या' म्हटल्याबरोबर हात वर होतो, सरळ जाऊन डावीकडे. आम्ही प्रेमानंच ठेवतो ही नावं, निदान तशी समजूत आहे. त्या बुधवारी रात्री मी लिहीत असताना ज्या मुलानं टॉर्च धरला होता, त्याचा फोन मधेच वाजला, आणि बोलून झाल्यावर त्यानं तो माझ्या हातात दिला. पडद्यावर कॉलची यादी दिसत होती. वरून दुसरी ओळ, पावणेअकराची: 'फळा काकू'.

मी काही बोलले नाही. माझं नाव त्याला माहीत असायचं काही कारणही नाही.

गुरुवारी वैकुंठात आम्ही अकरा जण होतो. मी मोजले, कारण थांबायला लागलं आणि थांबताना माणूस मोजतो. भाचा, त्याची बायको, गावाकडचे दोघं, किराणावाला, मंडळाची दोन मुलं, परीक्षेची तीन मुलं आणि मी. परीक्षेच्या मुलांपैकी एक सायकलवरूनच आला होता आणि ती कुठं लावायची हे कळेना म्हणून हातात धरून उभा होता. खिडकीतल्या माणसानं नाव विचारलं तेव्हा भाच्यानं सांगितलं, आणि परीक्षेच्या मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांनीही पहिल्यांदाच ऐकलं होतं. पाऊस पत्र्यावर असा वाजत होता की मंत्र ऐकू येत नव्हते. मला राग येत होता. ज्यांच्या तीन तीन पिढ्यांच्या सायकली या माणसानं ओढून सरळ केल्या त्या आमच्या गल्लीतून इतकीच माणसं? घरी येऊन अंघोळ केली, चहा टाकला आणि मोबाईल उघडला तर सोसायटीच्या ग्रुपवर मंडळानं फळ्याचाच फोटो टाकला होता. खाली जोडलेल्या हातांची रांग. भावपूर्ण श्रद्धांजली. विनम्र आदरांजली. ओम शांती. सदतीस जणांनी हात जोडले होते. काकूंच्या मुलानंही. अडतिसाव्यानं, जो दोनच महिन्यांपूर्वी भाड्यानं राहायला आलाय, विचारलं होतं: 'सॉरी, हे कोणत्या विंगमधले?' त्याला कुणी उत्तर दिलं नव्हतं. तेव्हा मला वाटलं, किती ही लोकांची बेपर्वाई. काकूंनी शनिवारी विचारल्यावर लक्षात आलं, त्याला उत्तर देता येईल असं त्या ग्रुपवर बहुधा कुणी नव्हतंच. हात जोडायला ओळख लागत नाही. अकराला वैकुंठात यायला लागते.

म्हणजे दोष माझा का? शनिवारी रात्रभर हेच चाललं होतं. नुसतं 'सायकलवाले' लिहिलं असतं तर गल्ली लोटली असती, असं वाटायचं. लगेच दुसरं मन म्हणायचं, कशाची लोटतेय, गुरुवारी सकाळी अकराला, पावसात, कामाच्या दिवशी. आले असते वीसबावीस. पण त्या वीसबावीसांत काकू असत्या. काकूंच्या मिस्टरांची सायकल, त्यांना जाऊन आठ वर्षं झाली तरी, दर दसऱ्याला तेलपाणी करून द्यायचे ते. काकू तिच्यावर कधी बसल्या नाहीत, कुणी बसत नाही, जिन्याखाली उभी असते. यावर्षीचा दसरा अजून यायचाय.

रविवारी सकाळी फडकं आणि डबा घेऊन गेले. नावाच्या शेजारी कंसात 'सायकलवाले' लिहायचं एवढं ठरवलं होतं. अर्ध्या फळ्यावर मुलांनी आपल्या हातानं धरणांचं लिहून टाकलं होतं, टेमघर, वरसगाव, पानशेत, खडकवासला, चारही नावं उतरत्या ओळीत, 'वरसगाव' चं 'वसरगाव' झालेलं. मी ते दुरुस्त करत होते तेवढ्यात भाचा आला. दुकान आवरायला आला होता, सोबत टेम्पो. मला ओळखलं त्यानं, वैकुंठात पाहिलं होतं. "ताई, हे तुम्ही लिवलं का?" म्हणाला. मी मान हलवली आणि माफी मागायच्या तयारीत होते. त्यानं मोबाईल काढून दाखवला. फळ्याचा फोटो, जवळून काढलेला, नुसतं नाव येईल असा. गावाकडे सगळ्यांना पाठवला म्हणाला. मामाची धाकटी बहीण सत्तरीला टेकली आहे, तिला वाचता येत नाही, तिनं दुसऱ्याकडून तीनदा वाचून घेतलं. "मामाचं पुरं नाव पुण्यात इतक्या मोठ्या अक्षरात," तो म्हणाला. मग जरा थांबून, "मामाला सायकलवाला म्हटलेलं आवडायचं नाही, म्हाईतंय का? म्हणायचा, अरे मी सायकली दुरुस्त करतो, मी काय सायकल हाय का."

मला हसू आलं आणि घशात काहीतरी अडकलं, दोन्ही एकदम. चाळीस वर्षांत त्यांनी हे आम्हाला कधी सांगितलं नाही. की सांगितलं असेल, त्यांच्या पद्धतीनं, "आल्या का बाई?" च्या सुरात, आणि आम्ही हसून सोडून दिलं असेल.

भाचा दुकानाकडे गेला. मी बराच वेळ खडू हातात धरून उभी राहिले. आप्पांनी काय केलं असतं, ते मला स्वच्छ माहीत होतं, त्यांनी कंस घातला नसता. काकूंनी काय केलं असतं, तेही माहीत होतं. शेवटी मी नावाला हात लावला नाही. सगळ्यात खाली, धरणांच्याही खाली, जिथं आप्पा सापडलेल्या चाव्यांचं लिहायचे तिथं, बारीक अक्षरात लिहिलं: पाराजवळचं सायकल दुरुस्तीचं दुकान बंद झाले आहे. 'बंद झालं' आणि 'झाले' मधे घोळ झाला, एका ओळीत दोन भाषा. आप्पांनी पुसायला लावलं असतं. मी तसंच ठेवलं.

डब्याला झाकण लावत होते तर मागं एक स्कूटर येऊन थांबली. चाळिशीचा माणूस, रेनकोट, हेल्मेट न काढताच वाचत होता. खालून वर वाचलं त्यानं, आधी दुकानाचं, मग धरणांचं, मग वरचं. हेल्मेट काढलं. "म्हणजे हे..." मी हो म्हटलं. "कधी?" बुधवारी. तो गाडीवरून उतरला नाही. रेनकोटच्या आतून पाकीट काढताना त्याला खूप वेळ लागला, चेन अडकत होती. वीसची नोट काढली. "माझ्याकडून राहिले होते. सुटे नव्हते तेव्हा, म्हणाले, पुढच्या खेपेला द्या. मी सायकल चालवायचीच सोडली मग." मी म्हटलं, त्यांचा भाचा दुकानात आहे, त्याला द्या. त्यानं दुकानाकडे पाहिलं. टेम्पोत रिमांचा ढीग चढत होता, जुन्या ट्यूबांची माळ कुणीतरी खांद्यावर टाकून आणत होतं. "नको, तुम्हीच द्या," म्हणाला आणि नोट माझ्यापुढे धरली.

मी घेतली. माझे हात खडूनं माखलेले, नोटेवर बोटं उमटली. "कुणी दिले म्हणून सांगू?"

त्यानं तोंड उघडलं, बहुतेक नाव सांगणारच होता. मग थांबला. किक मारली.

"सांगा, मागचं चाक."